दीड फुटाचं अर्थिंग

बाबा,

तुम्ही केलेलं काम गेल्या आठवड्यात मी नापास केलं. उमरखेडचं, गुरुजींचं मुलींचं वसतिगृह. तळमजला धरून तीन मजले, चोवीस खोल्या, आणि त्यात एकही प्लग असा नाही की ज्याच्यापुढे मला ‘ठीक’ असं लिहिता येईल. हे तुम्हाला कळवावंसं वाटलं म्हणून लिहायला बसले. दुःखानं लिहीत नाही. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि या चौदा वर्षांत मी तुमच्याबद्दल फक्त चांगलंच ऐकत आले. हाताला यश होतं. कोणाला उलटून बोलला नाही. चालू लाइनवर काम करायचा, पण कधी झटका बसला नाही. हे शेवटचं तर लोक असं सांगतात, जसा काही तुम्ही वाघ मारला होता. तुम्ही स्वतःही तेच म्हणायचात, बाहीनं घाम पुसत: “करंट मले ओळखते.” करंट कोणाला ओळखत नाही, बाबा. तुमचे पाय कोरडे असायचे आणि नशीब बरं होतं, एवढंच. तुम्ही काविळीनं गेलात, म्हणून ती बढाई तशीच टिकून राहिली.

मी आता काय करते ते तुम्हाला माहीत नाही. दहावीनंतर यवतमाळला पॉलिटेक्निकमध्ये विजेचा डिप्लोमा केला, पुढे परवाना काढला, आणि गेली पाच वर्षं लोकांच्या इमारतींमधली वीज तपासून देते. लॉज, दवाखाने, मंगल कार्यालयं, भाड्यानं दिलेल्या खोल्या. कुठल्या ना कुठल्या कार्यालयाला कागद लागतो, तेव्हा मालकाला माझी आठवण येते. कागद हवा असतो, तपासणी कोणालाच नको असते. पांढरकवड्याला हायवेवरच्या एका लॉजवाल्यानं मला यंत्राची पेटी उघडूच दिली नाही. “मॅडम, मशीन कायले काढता, ऊन पाहा किती हाय! बसा, रस घ्या, इथंच सही करून टाका ना.” राजूरला एका मालकानं भाडेकरूंच्या आठ खोल्यांपैकी एकच उघडून दाखवली, तीही स्वतःच्या मेहुण्याची. बाकीच्यांच्या किल्ल्या हरवल्या म्हणाला. सातही, एकदम. या लोकांना मी मनात ज्या शब्दांनी बोलते ते शब्द वडिलांच्या पत्रात लिहिण्यासारखे नाहीत. समोर मात्र शांत असते. पेटी उघडते, प्रत्येक आकडा दोनदा घेते, दोन्ही वेळा वहीत लिहिते, आणि ज्या खोलीला कुलूप आहे तिच्यापुढे ‘तपासली नाही’ असं लिहिते. मग बसस्टँडवर पोचल्यावर शंका येते की तिसऱ्या खोलीतला आकडा मी खरंच पाहिला का, आणि कधीकधी मी परत जाते. लोक हसतात. हसू देत. न पाहिलेला आकडा मी लिहीत नाही. याच्याशिवाय माझ्याजवळ अभिमान धरावा असं फारसं काही नाही.

गुरुजींचा फोन आला तेव्हा आईला कोण आनंद झाला. “पाह्य, आठवण ठेवली त्याहिनं. त्याहिच्यामुळंच तू शाळा पाह्यली.” ते खरं आहे. आपल्या घरात शाळेच्या आत पाऊल टाकलेली मीच पहिली, आणि ते पाऊल गुरुजींनी टाकायला लावलं. आपल्या गावच्या शाळेवर होते तेव्हा ते एकदा घरी आले आणि तुम्हाला म्हणाले की पोरीला पाठव, हुशार दिसते. तुम्ही पाठवलंत. त्यानंतर मरेपर्यंत तुम्ही त्यांच्यासमोर खुर्चीवर बसला नाहीत. त्यांची ही इमारत उभी राहिली तेव्हा तुम्ही दोन महिने तिथं राबत होतात आणि जेवायच्या वेळी डबा घेऊन जिन्याखाली बसायचात, वर गच्चीवर त्यांची माणसं पंगत करून बसलेली असताना. त्यांनी “वर ये” म्हटलं की तुम्ही “इथंच बरं हाय, गुरुजी” म्हणायचात आणि हसायचात. ते हसणं मला चांगलं आठवतं. मान थोडी वाकडी, डोळे जमिनीवर. मी तेव्हा सातवीत होते आणि शनिवार-रविवार तुमच्याबरोबर असायची, कारण खोक्यांवर काय लिहिलंय ते तुम्हाला वाचता येत नव्हतं. लोक त्या हसण्याला नम्रता म्हणतात. मी नाही म्हणत. नम्र माणूस ‘नाही’ म्हणू शकतो.

नगरपालिकेनं वसतिगृहासाठी वीज तपासणीचा अहवाल मागितला होता. “आपल्या घरचंच काम आहे,” गुरुजी फोनवर म्हणाले, “तासाभरात उरकेल.” मी गेले. गुरुजी आता थकले आहेत, पण कपड्यांची इस्त्री तशीच. त्यांनी दारातच माझ्या डोक्यावर हात ठेवला, चहा मागवला, तुमची आठवण काढली. मी चहा संपवून कामाला लागले. पहिल्या मजल्यावर मुलींचा सामाईक फ्रिज आहे आणि शेजारी कपडे धुण्याचं यंत्र. फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता, फळ्यावर लिहावं तशा सुरेख अक्षरात: ‘फ्रिज उघडताना पायात कोरडी चप्पल असावी. आदेशावरून.’ मी तो दोनदा वाचला. मला वाटलं, फ्रिजला हात लावून बघावा. तेवढ्यात मागून दोन-तीन मुली एकदम ओरडल्या.

“ओ मॅडम, चप्पल! चप्पल घाला! फ्रिज चावते!”

“कधीपासून?”

“मागच्या वादळापासून,” एक उंच मुलगी म्हणाली. ती तिथल्या मुलींची म्होरकी असावी. “आधी नुसत्या गुदगुल्या व्हायच्या. आता मशीन तर लयच हरामी झाली. आम्ही पाळी लावली हाय, जिची चप्पल कोरडी तिनंच त्यातून कपडे काढाचे.”

“आणि जिची ओली असन तिनं देवाचं नाव घेऊन काढाचे,” दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. मीही हसले असते, पण तोपर्यंत माझ्या हातातल्या यंत्राची सुई काय दाखवते ते मला दिसलं होतं. गुरुजी जिन्यात उभे होते. म्हणाले, “अगं, भिंती ओल धरतात. म्हणून तर सूचना लावली.” एका शिकलेल्या माणसानं, ज्यानं चाळीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं त्यानं, विजेवरचा उपाय म्हणून एक सूचना लावली होती. आणि शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

मग मी प्लग उघडला. तुम्हाला हे सांगायला नको, तरी लिहिते, कारण तुम्ही हात चालवायचात, त्यामागचं कारण तुम्हाला कधीच ठाऊक नव्हतं. प्लगच्या तीन भोकांतलं वरचं मोठं भोक अर्थिंगचं. तिथून एक तार भिंतीतून उतरून जमिनीत पुरलेल्या पाइपपर्यंत जायला हवी, म्हणजे यंत्राच्या पत्र्यावर वीज आली तर ती माणसातून न जाता मातीत जाते. इथं ती तारच नव्हती. त्याऐवजी दोन बोटं लांब असा काळ्या वायरचा तुकडा होता, शेजारच्या न्यूट्रलवरून, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेवरून, उचलून अर्थिंगच्या खिळीला बसवलेला. तीन वेढे आणि टोक मागे दुमडलेलं. तुमचा पीळ, बाबा. दातानं वायर सोलून तुम्ही असाच पीळ द्यायचात, मला तो अंधारातही ओळखता येईल. दुसरा प्लग उघडला, तिसरा उघडला. चोवीस खोल्या मी उघडल्या आणि चोवीस ठिकाणी तो तुकडा होता, तितक्याच काळजीनं वळवलेला. इतकं नेटकं खोटं काम मी अजून पाहिलेलं नाही.

असं का करतात ते मला माहीत आहे, कारण या जिल्ह्यात जुन्या हाताचा जवळजवळ प्रत्येक वायरमन असं करत आला. जमिनीत खड्डा घ्यायला, पाइप पुरायला, तार ओढायला मालक तयार नसतो. भिंतीत गाडलेली गोष्ट पाहुण्यांना दाखवता येत नाही ना. मग हा तुकडा. वीज आणणाऱ्या फेजवर आणि अर्थिंगवर दिव्याच्या दोन वायरी टेकवल्या की दिवा लख्ख पेटतो. मालकाला बोलवायचं, “पाहा साहेब, अर्थिंग कडक हाय,” आणि मालक मान डोलावतो. तुम्ही गुरुजींना असंच बोलावलं होतं. दिवा पेटला तेव्हा तुम्ही त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलंत, पोरीनं पाहिलं का म्हणून. तो दिवा परतीच्या वाटेवरच पेटत होता, जमिनीशी त्याचा काही संबंध नव्हता. खांबावरून येणारा न्यूट्रल घट्ट आहे तोवर काही होत नाही. तो ढिला झाला की वीज परत जाऊ शकत नाही, आणि खोलीतला एखादा बल्ब चालू असला तरी त्याच्यातून आलेली वीज या तुकड्यावरून फ्रिजच्या पत्र्यावर येऊन थांबते. कोणीतरी ओल्या पायानं हात लावेपर्यंत. वादळात तो न्यूट्रल ढिला झाला होता. त्या मुली ज्याला गुदगुल्या म्हणत होत्या, ते हेच. आणि अशा वेळी जीव वाचवणारा, आपोआप पडणारा जो स्विच मेन बोर्डावर होता, तो कोणीतरी वायरीच्या तुकड्यानं बाजूला काढून ठेवला होता. गिझर लावला की पडायचा म्हणे, मुलींची आंघोळ खोळंबायची. हे काम तुमचं नाही, नंतरच्या कुणाचं तरी आहे. जे तुमचं नाही ते तुमच्यावर घालणार नाही.

“गुरुजी, अर्थिंगचा खड्डा कुठं आहे?” मी विचारलं. त्यांनी मागच्या अंगणात नेलं. नळाजवळ विटांचा छोटा चौकोन, वर सिमेंटचं झाकण, झाकणावर बोटानं रेघा ओढून काढलेला विजेचा बाण. तोही तुम्हीच काढलेला. झाकण उचललं तर आत पाइपचं टोक दिसलं. अर्थिंगचा आकडा जितका लहान तितकं ते चांगलं; माझ्या यंत्रानं मोजलेला आकडा इतका मोठा आला की आधी वाटलं माझीच वायर निसटली. पुन्हा घेतला, तोच आला. मग मी पाइपला धरून हलवला आणि तो वर आला. एका हातानं, बाबा. मुळा उपटावा तसा. दीड फूट असेल जेमतेम, खाली करवतीनं कापलेला, हातपंपाच्या जुन्या पाइपचा तुकडा. तो हातात घेऊन मी तशीच उभी राहिले. गुरुजींनी पाहिलं आणि म्हणाले, “एवढाच होता?” त्यांना खरंच माहीत नव्हतं असं मला वाटत नाही. नियमाप्रमाणे आठ फुटी पाइप त्यांनी तेव्हा आणून दिला होता का, हे मी त्यांना विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. पण तुम्ही तो पुरलात. वर विटा रचल्या, झाकण केलं, बाण काढलात. नुसतं काम टाळलं असतं तर मी आळस म्हटलं असतं. तुम्ही तर मेहनत घेऊन फसवलंत.

मी कार्यालयाच्या खोलीत येऊन वही भरायला बसले. गुरुजी आतून एक जुनी फाइल घेऊन आले. आवाज तोच, वर्गातला, हळू.

“बाई, तू असुरक्षित असं लिहिणार आहेस का?”

“हो.”

“तुझ्या वडलांनी जीव ओतला या इमारतीत. सोळा-सतरा वर्षं झाली, कोणाला काही झालं नाही.”

“गुरुजी, फ्रिजवर तुम्हीच कागद लावलाय.”

त्यांनी फाइल उघडून एक छापील फॉर्म माझ्यापुढे सरकवला. वीज जोडणी घेताना दिलेला तपासणी अहवाल. खाली पुसदच्या परवानाधारकाची सही आणि शिक्का, आणि वर सगळ्या रकान्यांत निळ्या शाईतलं अक्षर. ‘सात’ला शेपटी. ‘अ’ची गाठ जरा जास्त मोठी. चोवीस खोल्यांचं अर्थिंग, चोवीस आकडे, सगळे एकच्या आसपास, सगळे उत्तम.

“तेव्हा पास होतं, आता नापास,” गुरुजी म्हणाले. “मग खोटं कोणतं?”

“हे,” मी फॉर्मवर बोट ठेवलं.

“आणि हे लिहिलं कोणी?”

अक्षर मला त्यांनीच शिकवलं होतं. ते ओळखायला त्यांना चष्मा लागला नाही.

ती सकाळ मला आठवते. आपल्या चुलीपाशी आई भाकरी थापते आहे, तुम्ही उकिडवे बसला आहात, आणि मी पोत्यावर फॉर्म पसरून बसले आहे. त्या परवानाधारकानं तुम्हाला सह्या केलेल्या कोऱ्या फॉर्मची गड्डीच दिलेली असायची. त्या माणसानं आपल्या आयुष्यात वसतिगृहाची पायरी चढली नसेल. तुम्ही सांगत होतात आणि मी लिहीत होते. मी विचारलं, “बाबा, आपण हे मोजलं कवा?” तुम्ही म्हणालात, “मोजाची मशीन नागपूरले राह्यते. तू लिव.” मी म्हटलं, “मग गुरुजीले सांगू का, मोजलं नाही म्हणून?” त्यावर तुम्ही मला मारलं नाहीत, तुम्ही कधीच मारलं नाहीत. फक्त भाकरीचा तुकडा खाली ठेवलात आणि म्हणालात, “मालकाच्या घरात आपलं तोंड उघडाचं नाई. समजलं? त्याहिनं तुले शाळेत टाकलं.” मला समजलं. इतकं समजलं की पुढं कितीतरी दिवस गुरुजी वर्गात आले की मी वहीतून मान वर काढायची नाही. मग वास्तुशांतीला त्यांनी तुम्हाला दुपट्टा दिला आणि मला पेन दिलं, सगळ्यांसमोर, या मुलीनं अहवाल लिहिला म्हणून. तुम्ही गावभर सांगत फिरलात: “पोट्टी शिकली म्हणून काम झालं माह्यं. नाईतर लिवणारा शोधत पुसदले जा लागलं असतं.” आपल्या घरात पहिल्यांदा कोणाला लिहिता येऊ लागलं आणि त्या लिहिण्याचं पहिलं काम हे झालं. तुम्ही त्यात आनंद मानलात. मला त्या आनंदाची आज किळस येते. हे कठोर आहे, मला माहीत आहे. पण वरच्या मजल्यावर त्या मुली पाळी लावून यंत्रातून कपडे काढत होत्या.

गुरुजींनी तो फॉर्म फाइलमधून सोडवून माझ्या हाताजवळ ठेवला. “घेऊन जा. फाड, जाळ, काय करायचं ते कर. मी कोणाला दाखवणार नाही. तू किरकोळ दुरुस्त्या सुचव, दिवाळीच्या सुट्टीत मी करून घेतो. मुलींच्या परीक्षा तोंडावर आहेत, आता भिंती फोडायच्या का?” थोडं थांबून म्हणाले, “नाहीतर नगरपालिकेला मला हा जुना अहवाल जोडावा लागेल, बाई. माझी बाजू म्हणून. मग लोक म्हणतील, बाप आणि लेक...” पुढचं त्यांनी मला भरू दिलं, रिकाम्या जागा भरायला द्यावं तसं. त्यांच्या बोलण्यात धमकी नव्हती, उलट माया होती, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. परवाना जाईल का, सातवीतल्या मुलीचं लिहिलेलं कोणी गुन्हा धरेल का, पाच वर्षांत दिलेल्या सगळ्या अहवालांवर लोक शंका घेतील का, हे सगळं एका क्षणात मनात येऊन गेलं. तुम्ही तिथं असतात तर जिन्याखालून मान वाकडी करून हसला असतात आणि “गुरुजी म्हणतात तसं कर, बाई” म्हणाला असतात. हे इतकं स्पष्ट ऐकू आलं की मी उठले.

“गुरुजी, मेन कुठं आहे?”

“कशाला?”

“बंद करते.”

“अगं, पोरींचा स्वयंपाक, पाणी...”

“तुम्हाला तो कागद जोडायचा तर जोडा,” मी म्हटलं. मी मेन बंद केला, त्यावर लाल पट्टी लावली आणि तिथूनच वीज कार्यालयात जाऊन लेखी दिलं. दुपारी लाइनमन येऊन खांबावरून जोडणी तोडून गेला.

मुलींनी मला आशीर्वाद दिले असतील असं तुम्हाला वाटत असेल तर तसं काही नाही. मी पेटी बंद करत होते तेव्हा ती उंच मुलगी कंबरेवर हात ठेवून समोर आली. “मॅडम, आमचा पेपर हाय सोमवारी. मोबाइल तुमच्या घरी चार्ज कराचा का?” दुसरी म्हणाली, “जाऊ दे ना बाई, आपण चप्पल घालत होतो नं, काय मरत होतो का!” मी त्यांना समजावायला गेले, न्यूट्रल, पत्रा, सगळं. त्या ऐकत होत्या, पण त्यांच्या तोंडावर तेच होतं जे माझ्या तोंडावर लॉजवाल्यासमोर असतं. त्यातली एक, तांड्यावरून आलेली, सगळ्यांत लहान दिसणारी, तेवढी म्हणाली, “मले एकदा लय जोरात बसलता. मी कोणाले सांगतलं नाई. खोली खाली कराले लावली असती.” मी वहीत तिचं म्हणणं लिहून घेतलं, नाव न लिहिता.

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती निवडत असलेल्या तुरीच्या डाळीतून हात काढून माझ्याकडे बघत राहिली. “मेलेल्या माणसाले कायले नापास करतं तू?”

“माणसाला नाही केलं, प्लगला केलं.”

“प्लग कोणाचे होते?” ती म्हणाली. मी पेटी ठेवायला आत वळले. मग ती म्हणाली, “थो अडाणी होता. त्याले जसं सांगतलं तसं त्यानं केलं. तू तं शिकली हायेस नं? तुले तरी कळाले पाह्यजे.” काय कळायला पाहिजे ते तिनं सांगितलं नाही. ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. आणि गुरुजींनी तो फॉर्म अजून कोणाला दाखवला की नाही, मला ठाऊक नाही. दाखवतीलही. काल त्यांनी कामाला माणसं लावली असं कळलं. भिंती फोडून तारा ओढत आहेत, अंगणात खड्डा घेतला आहे. पाइप आठ फुटी आहे का, ते मी जाऊन मोजून येणार आहे. पुरायच्या आधी.

माझा अहवाल मी सहा वेळा वाचून मगच दिला. त्यात मागच्या तपासणीबद्दल एक रकाना असतो. त्यात मी लिहिलं: ‘जुन्या अहवालातील आकडे प्रत्यक्ष मोजलेले दिसत नाहीत.’ दिसत नाहीत. मोजलेले नव्हते हे मला माहीत होतं, मी पोत्यावर बसले होते. पण अक्षर कोणाचं हे रकान्यात विचारलेलं नाही, म्हणून मी लिहिलं नाही. अशी पळवाट एखाद्या मालकानं काढली असती तर त्याला मी मनात ज्या शब्दांनी बोलले असते ते इथं लिहिण्यासारखे नाहीत, हे वर सांगितलंच आहे.

आणि एक. मी स्वतःला सांगत आले, या पत्रातही लिहिलं, की तुम्ही आकडे सांगत होतात आणि मी लिहीत होते. ते तसं नव्हतं. तुम्ही एकच आकडा सांगितला होतात. “सगळीकडं एक लिव, झालं.” मीच म्हटलं, “बाबा, सगळे सारखे असले तर कॉपी केल्यासारखे दिसतात.” आणि मग मी माझ्या मनानं लिहिले, एक पूर्णांक दोन, शून्य पूर्णांक नऊ, एक पूर्णांक एक, मध्येच एखादा जरा जास्त, खरा वाटावा म्हणून. दशांश नुकतेच शिकवले होते. मला मजा येत होती. तुम्ही माझ्या खांद्यावरून कागदाकडे बघत होतात आणि तुम्हाला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी तुम्हाला ते वाचता आलं नसतं. मलाच समोर बसून वाचून दाखवावं लागलं असतं. तेव्हा वरचा परिच्छेद मी गाळला असता.